रोबोला पोकळीत कोणी दिसलं नाही, तर ‘तपासली’ अशी खूण करायची का?

शोधखूण

कोसळलेल्या इमारतींत काम करणाऱ्या शोधपथकासाठी लेखी कार्यपद्धती बनते आहे. पथकाकडे येणारा रोबो बुटांच्या खोक्याएवढा आहे. पट्ट्यांवर चालतो, ३० मीटर केबल, पुढे रंगीत कॅमेरा नि दिवे, दोन्ही बाजूंनी बोलता-ऐकता येईल असा माईक-स्पीकर. थर्मल कॅमेरा वरून जोडता येतो. चालवायचा कसा ते पुस्तिकेत आहे. गाडी अडली आहे ती तीन ठिकाणी.

एक, रोबो पोकळीत जाऊन आला आणि कोणी दिसलं नाही. ती जागा यादीतून काढायची का, आणि तो निर्णय कोणाच्या सहीने?
दोन, कोणी जिवंत सापडलं तर स्पीकरवरून काय बोलायचं?
तीन, चित्रण कोणाकडे राहणार? नातेवाइकांनी मागितलं तर?

कारणांसकट सांगितलंत तर बरं. ‘मानवी जीव अमूल्य आहे’ हे मसुद्यात दोन पानं लिहून झालेलं आहे.

---

तिसरा_डोळा

पहिल्याचं उत्तर: नाही. ‘तपासली’ हा शब्दच मसुद्यातून काढा. ‘पाहिली’ लिहा, आणि किती पाहिली तेही लिहा.

एवढ्या लहान रोबोचा कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. पुढ्यात विटेचा तुकडा आला की मागचं सगळं झाकलं. वरच्या स्लॅबला लटकलेल्या माणसाचा पाय चौकटीच्या बाहेर राहतो. दिवे पूर्ण लावले तर हवेतली धूळच चमकते आणि पडद्यावर पांढरं धुकं येतं. म्हणून उजेड कमी करून पाहावं लागतं. रंगाचा काही उपयोग नाही. सिमेंटची धूळ बसली की कातडी, कपडा, विटा सगळं एकाच राखाडी रंगाचं. डोळ्यांना सवय लावायची ती आकाराची: सरळ कडांमध्ये एखादी गोलाई, कापडाची चुणी, बोटांसारखी समांतर वळणं.

थर्मलवर फार भिस्त नको. तो पृष्ठभागाचं तापमान पाहतो. अंगावर गोधडी किंवा धुळीचा जाड थर असेल तर माणूस ‘थंड’ दिसतो. उन्हाने तापलेला स्लॅब शरीराच्या तापमानाला पोचला की दोन्हींतला फरकच उरत नाही. काचेपलीकडचं तर अजिबात दिसत नाही. ढिगाऱ्यात कुठे धुमसत असेल तर विषयच संपला. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात शहरी शोधकार्यासाठी रोबो पहिल्यांदा उतरले, तेव्हा उष्णता ही मोठी अडचण होती. त्या रोबोंना एकही जिवंत माणूस सापडला नाही. मृतांचे अवशेष सापडले. म्हणजे रोबो निरुपयोगी असं नाही, पण त्याच्या ‘नाही’ची किंमत काय ते यावरून ओळखा.

नोंदीत एवढं हवंच: कुठल्या भोकातून आत गेला, केबल किती मीटर सोडली, कॅमेरा कोणत्या दिशांना फिरवला, पोकळीचा अंदाजे किती भाग दिसला, कशामुळे थांबावं लागलं, वेळ. ‘कशामुळे थांबावं लागलं’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो.

शिवाय चालवणारा आणि पाहणारा एकच माणूस नको. चालवणाऱ्याची नजर पुढची फट कुठे आहे यावर असते. हात डोळ्यांसमोरून गेला तरी डोक्यात शिरत नाही. दुसऱ्याने फक्त पाहायचं, आणि संशय आला की ‘थांब’ म्हणायचा पूर्ण अधिकार त्याला हवा.

सही शोधप्रमुखाची. रोबो चालवणाऱ्याची नको, कारण त्याला फक्त त्याचा पडदा माहीत असतो. कुत्र्याने तिथे काय दाखवलं, शेजाऱ्यांनी काय सांगितलं, हे प्रमुखाकडे जमा होतं. इन्साराग या शोध-बचाव पथकांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या पद्धतीत व्ही अक्षराखाली जिवंतांसाठी एल-१, एल-२ आणि मृतांसाठी डी-१ असं लिहितात; आकडा म्हणजे किती जण. ती खूण सापडलेल्यांची आहे. रोबोला न सापडल्याची स्वतःची नवी खूण भिंतीवर रंगवू नका. पुढचं पथक तिचा अर्थ ‘रिकामी’ असाच लावणार.

---

आधी_वेग

जरा असहमत. पहिल्या ७२ तासांत मिनिटं मोजावी लागतात. रोबोच्या ‘नाही’ला काही किंमत द्यायचीच नाही तर तो आणायचा कशाला? वीस पोकळ्या आहेत आणि माणसं दोन ठिकाणी पुरतील एवढीच. कुठेतरी काट मारावीच लागणार.

---

तिसरा_डोळा

काट नको, क्रम लावा. ज्या पोकळीत ८ मीटर मोकळं दिसलं आणि कोणी नव्हतं ती खाली सरकवा. जिथे दोन मीटरवर रोबो अडला ती जागेवरच ठेवा. तुमच्या ‘काट’मध्ये या दोन्ही एकाच रांगेत बसतात. खाली सरकवलेल्या जागेवर कुत्रा किंवा ऐकण्याचं यंत्र फिरलं की मग बंद करायचा विचार.

आणि सॉफ्टवेअर ‘माणूस’ ओळखून चौकोन काढत असेल, तर चौकोन आला की थांबून बघायचं. नाही आला म्हणून पुढे जायचं नाही. अशी सॉफ्टवेअरं बहुतांश उभ्या, स्वच्छ, अख्ख्या दिसणाऱ्या माणसांच्या चित्रांवर शिकलेली असतात. धुळीने माखलेलं अर्धं मनगट त्यांच्या अभ्यासक्रमात नसतं. लहान मूल तर आणखी अवघड.

---

तीन_शिट्ट्या

वरच्या चर्चेत एक बाजू राहिली. रोबोमुळे शोधाला अडथळाही होतो, तेव्हा तेही कार्यपद्धतीत हवं.

आवाज. एक लांब इशारा, तीन सेकंदांचा, म्हणजे सगळ्यांनी काम थांबवून शांत राहायचं. त्या वेळी पट्टे, पंखे, कंप्रेसर सगळं बंद, आणि वर उडणारा ड्रोनही खाली. ऐकण्याच्या यंत्राला ड्रोनची घरघर आणि खालून कोणी हळू ठोकतंय यांत फरक करायला वेळ लागतो. रोबोचा माईक उलट या शांततेत कामाचा: मोटर बंद, हाक, मग पूर्ण दोन मिनिटं गप्प. बेशुद्धीच्या काठावरचा माणूस लगेच उत्तर देत नाही.

तीन आखूड इशारे, एकेक सेकंदाचे, म्हणजे बाहेर पडा. तेव्हा रोबो जिथे आहे तिथेच सोडायचा. ‘महागडं यंत्र आत राहिलंय’ म्हणून कोणी मागे फिरणार नाही, हे शब्दशः लिहून ठेवा.

अडकणं. आत जायला एकच वाट असेल आणि रोबो तिच्यात रुतला तर बूच बसलं. मागच्या टोकाला वेगळा ओढदोर बांधा. केबलला ओढलं की जोड निघतो आणि संपर्कही जातो. फुकुशिमात ऑक्टोबर २०११ मध्ये क्विन्स हा रोबो दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर केबल अडकल्यामुळे तिथेच सोडावा लागला. तिथे आत माणूस थांबलेला नव्हता. तुमच्या भोकापलीकडे असू शकतो. म्हणून एकमेव वाटेत रोबो घालण्याआधी प्रश्न एकच: रुतला तर हाताने किती वेळात काढता येईल? उत्तर नसेल तर आधी काठीवरचा कॅमेरा.

वायू. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगी पुरते. साधी मोटर, साधी लिथियम बॅटरी हे ठिणगीचं घर आहे. ‘माणसाऐवजी यंत्र पाठवतोय, म्हणजे सुरक्षित’ हा हिशेब इथे चुकतो, कारण स्फोट झाला तर आत जिवंत असलेलाच मरतो. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत नोव्हेंबर २०१० मध्ये २९ जण गेले. तिथे पाठवलेला सैन्याचा बॉम्बशोधक रोबो सुमारे ५५० मीटरवर अंगात पाणी शिरून बंद पडला. तो रोबो खाणीसाठी बनलेलाच नव्हता. आधी वायूमापक, मग रोबो.

---

आधी_सलाईन

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. माणूस सापडणं आणि बाहेर येणं यांत कित्येक तास जातात. तेवढा वेळ त्याच्यासाठी रोबो म्हणजेच बाहेरचं जग. टेक्सासच्या संशोधकांनी यासाठीच ‘सर्व्हायव्हर बडी’ नावाचं पडदा असलेलं डोकं बनवलं होतं. यंत्राने जवळ कसं यावं, किती जवळ यावं, कोणत्या सुरात बोलावं, हा त्यातला अभ्यासाचा भाग.

जवळ जाण्याआधी उजेड मंद करा. कित्येक तास अंधारात असलेल्या डोळ्यांवर एकदम झोत म्हणजे त्रास. हळू या, तोंडाच्या अगदी जवळ जाऊ नका. पहिलं वाक्य यंत्र काय आहे ते सांगणारं हवं: “मी माणूस बोलतोय, बचावपथकातून. या यंत्राला कॅमेरा आहे, तुम्ही मला दिसताय. तुमचं नाव काय?” घाबरलेल्या माणसाला आवाज मशीनचा की माणसाचा हे कळायलाच हवं.

वेळेचं आश्वासन देऊ नका. “दहा मिनिटांत काढतो” म्हणालात आणि चार तास लागले, तर पाचव्या तासाला तो तुमचं काही ऐकणार नाही. काय चाललंय ते सांगा: “वरचा तुकडा कापतोय, आवाज येईल, घाबरू नका.” शेजारचं माणूस गेलं आहे हे पडद्यावर दिसतंय आणि त्याने विचारलं, तर खोटं बोलू नका; एवढंच म्हणा: “त्यांच्याबद्दल बाहेर आल्यावर सांगतो, आत्ता तुमच्याकडे लक्ष देतोय.” यावर मतभेद होतील, पण मसुद्यात एक वाक्य ठरलेलं असू द्या. ऐनवेळी प्रत्येकाने आपल्या मनाने बोलायचं नाही.

बॅटरीसाठी रोबो बाहेर काढायचा असेल तर आधी सांगा आणि स्पीकर-माईक मागे ठेवता आला तर ठेवा. आवाज बदलणार असेल तर नवीन माणसाची ओळख जुन्याने करून द्यायची.

आणि हे वैद्यकीय असलं तरी बोलण्याशी जोडलेलं आहे: पाय किंवा मांडी बराच वेळ दबलेली असेल तर “ओढून बघा” असं कधीच सांगू नका. दाब सुटला की मेलेल्या स्नायूतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदय बंद पडू शकतं; मूत्रपिंडं नंतर जातात. म्हणून मोठ्या माणसाला दाब काढण्याआधीच, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, साधारण तासाला एक लिटर साधं सलाईन सुरू करतात. पोटॅशियम असलेला द्रव टाळतात. रोबो इथे नळी पोचवू शकतो, सुई टोचू शकत नाही. त्याने आणलेली माहिती डॉक्टरपर्यंत लगेच जायला हवी: कुठला अवयव, किती वाजल्यापासून, शुद्धीत आहे का.

---

बंद_खोली

चित्रणाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिल्क्याराच्या बोगद्यात अडकलेले ४१ मजूर सहा इंची पाइपमधून घातलेल्या कॅमेऱ्यात दिसले आणि ते दृश्य सगळीकडे दाखवलं गेलं. सगळे धडधाकट होते, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, चांगलंच झालं. पण तेच दृश्य कोणी चिरडलेलं असताना जसंच्या तसं बाहेर गेलं असतं तर? नियम चांगल्या दिवसासाठी लिहायचा नसतो.

थेट प्रक्षेपण नियंत्रण कक्षाबाहेर जाणार नाही. गळती केबलमधून होत नाही, पडद्याचा मोबाइलने फोटो काढून होते. म्हणून पडद्याच्या खोलीत फोन नाही. चित्रणाची मेमरी कार्डं दोन, नोंदवहीत क्रमांक, दिवसाअखेर सीलबंद. नातेवाइकांना चित्रफीत नाही. ओळख पटवायला एक निवडलेला स्थिर फोटो, स्वतंत्र खोलीत, सोबत या कामाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस. मृतांचं बाकी चित्रण फक्त ओळख पटवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे. पडदा पाहणारा अर्ध्या तासाने बदला. थकवा हे एक कारण. मृत चेहरे इतक्या जवळून पाहणं हे दुसरं.

उत्पादक ‘सुधारणेसाठी’ चित्रण मागतो. ढिगाऱ्याखालच्या माणसाला संमती विचारता येत नाही, तेव्हा याचं उत्तर खरेदीच्या करारातच लिहून टाका.

---

शोधखूण

सर्वांचे आभार. नोंदपत्रकातला ‘कोणी नाही’ हा रकाना काढला. त्याजागी ‘किती दिसलं’ आणि ‘का थांबलो’. केबलवर दर मीटरला रंगीत खूण करायचं ठरतंय, म्हणजे सोडलेली लांबी वाचता येईल.

---

तीन_शिट्ट्या

रंग नको. पहिल्याच फेरीत केबल राखाडी होते. दर मीटरला टेपची एक गुंडाळी, दर पाच मीटरला दोन, दर दहाला तीन. हातमोजा घालूनही मोजता येतात. टेप पातळ घ्या, नाहीतर तीच अडकायची.