प्रतिसाद: सिमेंट नाही, ढोलपथक

वर म्हटलंय की आठवण एकदा पक्की झाली की दोन चेतापेशींमधला जोड सिमेंटसारखा घट्ट होऊन बसतो. जोड टिकतो हे मान्य, पण सिमेंट पटत नाही. तिथली बहुतेक प्रथिनं काही दिवसांत मोडतात, त्यांच्या जागी नवी येतात. तरी आठवण वर्षानुवर्षं राहते! हा पेच डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्येच मांडला होता.

२०२४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून त्याचं एक उत्तर पुढे आलं, आणि मला ते फार सुंदर वाटतं. किब्रा नावाचं प्रथिन शिकताना जागे झालेल्या जोडांवरच चिकटतं आणि पीकेएम-झीटा या एन्झाइमला तिथे धरून ठेवतं. जुना रेणू गेला की नवा त्याच खुणेवर येतो. औषधाने ही जोडी फोडली तर आधी पक्की झालेली आठवणही जाते.

आमचं पंचवटीतलं ढोलपथक असंच आहे. सुरुवातीच्या वादकांपैकी आज एकही नाही. नवा पोरगा जुन्याच्या शेजारी उभा राहून हात बसवतो, मग जुना बाहेर पडतो. ताल मात्र तोच. सगळे एकाच वर्षी सोडून गेले असते, तर तो कधीच हरवला असता.