रडारच्या एसएनआरचा (सिग्नल भागिले नॉईज) खड्डा दर महिन्याला दोन तास आधी येतो, ही टाइड (वातावरणातली भरती-ओहोटीसारखी रोजची लहर) असेल का?

मेसो८५: ६९ अंश उत्तरेवरच्या ५३.५ मेगाहर्ट्झ रडारचा जून-जुलैचा डेटा आहे, फक्त उभा बीम. ८० ते ९० किमीमधल्या पीएमएसईच्या (ध्रुवीय उन्हाळ्यात मेसोस्फिअर या वरच्या थरातून येणारे तीव्र रडार प्रतिध्वनी) एसएनआरची तासवार सरासरी काढली. जूनच्या सुरुवातीला दिसणारा खड्डा जुलैच्या सुरुवातीला दोनेक तास आधी सरकतो. टाइडची कला बदलते आहे का? आणि आंध्र प्रदेशातल्या गदंकीच्या रडारवर दिसतात त्या मेसोस्फिअरच्या प्रतिध्वनींपेक्षा हे इतके तासन्‌तास कसे टिकतात?

यागी: दिवसाला चार मिनिटं, महिन्याला दोन तास. हा आकडा दिसला की आधी आकाशगंगेवर संशय घ्यायचा, टाइडवर नंतर. ५० मेगाहर्ट्झच्या आसपास नॉईज मुख्यतः आकाशाचाच, आणि तो २३ तास ५६ मिनिटांच्या नाक्षत्र (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) दिवसाने फिरतो. उभा बीम आकाशगंगेच्या पट्ट्याजवळून गेला की नॉईज चढतो. प्रतिध्वनी तसाच असला तरी एसएनआर पडतो.

एसएनआर सोडा, परावर्तनक्षमता (थर किती सिग्नल परत पाठवतो ते) काढा: एसएनआर गुणिले नॉईजचं तापमान गुणिले उंचीचा वर्ग, भागिले पाठवलेली शक्ती, अँटेनाचं परिणामी क्षेत्रफळ आणि गेटची (रडार एका वेळी मोजतो त्या उंचीच्या थराची) जाडी. (उंचीच्या वर्गाने ८० आणि ९० किमीत जेमतेम १ डेसिबलचा फरक पडतो, खरा घोळ नॉईजचाच.) नॉईज ९५ किमीच्या वरच्या गेटांतून घ्या, पण तिथे उल्का असतात, म्हणून सरासरी नको, मध्यक घ्या. मग तो नाक्षत्र वेळेवर मांडा. जून आणि जुलैच्या रेषा एकमेकींवर बसायला हव्यात. नाही बसल्या तर रिसीव्हरचा गेन बदललाय.

निरपेक्ष कॅलिब्रेशनसाठी कॅसिओपिया ए हा आकाशातला तीव्र रेडिओस्रोत बरा: क्रांती (आकाशातला अक्षांश) सुमारे ५९ अंश, म्हणजे तुमच्याकडे खमध्याच्या (थेट डोक्यावरच्या बिंदूच्या) १० अंश दक्षिणेला. बीम तेवढा कलवावा लागेल. एवढं करून परावर्तनक्षमतेतही खड्डा उरला आणि जून-जुलैत घड्याळाच्या त्याच तासाला राहिला, तर तो टाइडचा.

बर्फकण: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गदंकीत दिवसा ६५ ते ८५ किमीवर टर्ब्युलन्स इलेक्ट्रॉनांची घनता थेट ढवळतो. तो थांबला की प्रतिध्वनी गेला. तुमच्या रडारला अर्ध्या तरंगलांबीची, २.८ मीटरची रचना लागते. ८५ किमीवर हवा इतकी विरळ की एवढे छोटे भोवरे श्यानतेमुळे आधीच विरतात. पण ध्रुवीय उन्हाळ्यात मेसोपॉज (मेसोस्फिअरची सर्वांत थंड वरची कड) १३० केल्विनच्या आसपास उतरतो, बर्फाचे कण तयार होतात आणि त्यांना इलेक्ट्रॉन चिकटतात. मग उरलेल्या इलेक्ट्रॉनांचं विसरण मंदावतं. कण जितके मोठे तितकी रचना जास्त टिकते, टर्ब्युलन्स संपल्यावरही. नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या हीटरने (शक्तिशाली रेडिओ ट्रान्समीटरने) इलेक्ट्रॉन तापवले की विसरण वाढतं आणि प्रतिध्वनी क्षणात क्षीण होतो.

यागी: बीम कलवणार असाल तर कोहेरंट इंटिग्रेशन (लागोपाठच्या पल्सच्या प्रतिध्वनींची बेरीज) तपासा. सेकंदाला १००० पल्स आणि ३२ ची बेरीज म्हणजे मोजता येणाऱ्या डॉप्लर सरकण्याची मर्यादा ±१५.६ हर्ट्झ, सुमारे ±४४ मी/से. उभ्या बीमला पुरते. पण २५ अंश कलता बीम आणि १०० मी/से वारा म्हणजे बीमच्या दिशेने ४२ मी/से: अगदी कडेला, जिथे शक्तीही जवळपास ४ डेसिबल कमी दिसते. १६ ची बेरीज ठेवा.