कॅथनंतर (हृदयाच्या कॅथेटर तपासणीनंतर) जांघेत हेमॅटोमा (साकळलेल्या रक्ताची गाठ): आयसीडी-१०-सीएम या अमेरिकन निदान-कोडयादीतला आय९७.४१० की आय९७.६३०?

रात्रपाळी_पुणे: अमेरिकन चार्ट कोड करते, म्हणजे पेशंटच्या नोंदींतल्या निदानांना कोड देते; कार्डिओला (हृदयविभागाला) नवीन आहे. पेशंटची कॅथ उजव्या फेमोरलमधून (जांघेतल्या धमनीतून) झाली, सकाळी दहाला लॅबमधून बाहेर. दुपारी दोनच्या नर्सिंग नोटमध्ये जांघेत ६ सेंमी गाठ, वाळूची पिशवी ठेवली. मी आय९७.४१० दिला, ऑडिटरने परत पाठवला. रक्तस्राव कॅथमुळेच झाला ना? रात्रभर तेच डोक्यात आहे.

जुना_कोडर: कारण कॅथच, पण वेळ बघा. ४१० म्हणजे प्रक्रिया चालू असताना. तुमची गाठ चार तासांनी दिसली, म्हणून आय९७.६३०. नुसता रक्तस्राव असता तर ६१०. आणि वायरने चुकून धमनी फाटून रक्त गेलं असतं, तर ४१० नाहीच, आय९७.५१.

पण ताई, खरी अडचण वेगळी आहे. ही गाठ फक्त नर्सने लिहिलीय का? मग कोडच देऊ नका. कॅथशी संबंध आणि गाठ वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची आहे हे डॉक्टरांच्या नोंदीत दिसलं पाहिजे. ‘कॉम्प्लिकेशन’ हाच शब्द हवा असं नाही. नोंद नसेल तर क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) टाका, आणि प्रश्नात उत्तर सुचवू नका. चुकीचा कोड त्या डॉक्टरच्या नावावर बसतो, हे मला फार लागतं.

रात्रपाळी_पुणे: डिस्चार्ज समरी पुन्हा उघडली. डॉक्टरांनी गाठीचा उल्लेखच केलेला नाही. क्वेरी लिहायला घेतली.