लिंकनचं भांडखोर मंत्रिमंडळ: युद्धात पक्षीय कुरघोडी परवडते का?

बखरवाला: अमेरिकेच्या यादवी युद्धात (उत्तरेची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) राष्ट्राध्यक्ष लिंकनने पक्षातल्याच प्रतिस्पर्ध्यांना मंत्रिमंडळात घेतलं म्हणून उत्तरेने युद्ध जिंकलं, ही लाडकी समजूत आहे. माझ्या मते, घेऊनही जिंकलं. १३ डिसेंबर १८६२ला फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेची साडेबारा हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्याच आठवड्यात लिंकनच्याच रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर परराष्ट्रमंत्री स्यूअर्डचा काटा काढायला बसले होते. ‘राष्ट्राध्यक्ष त्याच्या मुठीत आहे, मंत्रिमंडळात चर्चाच होत नाही’ असे त्यांचे कान कोण भरत होतं? अर्थमंत्री चेस!

उपप्रश्न: पुढचं सोडलंत. स्यूअर्डने राजीनामा धाडला होता. १९ तारखेच्या रात्री लिंकनने सिनेटरांचं शिष्टमंडळ आणि स्यूअर्ड सोडून बाकीचं मंत्रिमंडळ समोरासमोर बसवलं. सहकाऱ्यांदेखत चेसला तक्रार रेटता येईना. महत्त्वाच्या प्रश्नांवर चर्चा होते, हे कबूल करावं लागलं. सिनेटर तोंडघशी पडले. दुसऱ्या दिवशी चेस राजीनामा घेऊन आला, तो लिंकनने जवळजवळ हिसकावलाच. दोन राजीनामे हातात, दोन्ही नामंजूर. एकालाच काढलं असतं तर पक्षातला चेसचा जहाल किंवा स्यूअर्डचा मवाळ, एक गट तुटला असता.

बखरवाला: तोल साधला, मान्य. पण चेस आणखी दीड वर्ष राहिला आणि अर्थखात्याच्या नेमणुकांतून स्वतःची फळी उभारत राहिला. एक डॉलरच्या नोटेवर स्वतःचा चेहरा छापणारा गडी तो! फेब्रुवारी १८६४मध्ये सिनेटर पॉमरॉयचं ‘लिंकन नको, चेस हवा’ अशा आशयाचं पत्रक फुटलं, तरी खुर्ची शाबूत. शेवटी जूनअखेरीस न्यूयॉर्कच्या सहायक खजिनदाराच्या नेमणुकीवरून त्याने पुन्हा राजीनामा फेकला आणि या वेळी लिंकनने तो स्वीकारला. म्हणजे कागदी डॉलर गडगडत असताना अर्थमंत्री बदलला. जुलैत सोन्याच्या १०० डॉलरना २८५ कागदी डॉलर मोजावे लागत होते.

दक्षिणद्वार: दक्षिणेची राजधानी रिचमंडकडेही बघा जरा. दक्षिणेत पक्षच नव्हते, मग एकी होती का? जॉर्जियाचा गव्हर्नर ब्राऊन मिलिशियाच्या (राज्याच्या स्वतःच्या सैन्यदलाच्या) अधिकाऱ्यांना सक्तीच्या भरतीतून सोडवत राहिला. त्याला वठणीवर आणायला दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष डेव्हिसकडे पक्षाचं तिकीट नव्हतं की पक्षाची यंत्रणा. उत्तरेत बहुतेक गव्हर्नर आणि लिंकन एकाच पक्षाच्या नावेत. १८६३मध्ये इंडियानाच्या विधिमंडळात खर्च मंजूर झाला नाही, तेव्हा युद्धखात्याने गव्हर्नर मॉर्टनला अडीच लाख डॉलर दिले.

बखरवाला: का मंजूर झाला नाही तेही सांगा! मॉर्टनचे मिलिशियावरचे अधिकार काढणारं विधेयक डेमोक्रॅट आणत होते, म्हणून रिपब्लिकन आमदार उठून गेले आणि गणसंख्याच उरली नाही. स्वतः कोंडी करायची, मग विधिमंडळाला वळसा घालून पैसा आणायचा. ही तुमची पक्षनिष्ठा?

दक्षिणद्वार: हो, हीच. आणि ती युद्धासाठीच वापरली. १९ सप्टेंबर १८६४ला लिंकनने उत्तरेचा सेनापती शर्मनला लिहिलं: इंडियानाच्या सैनिकांना रणभूमीवरून मत देता येत नाही, ऑक्टोबरच्या राज्य निवडणुकीसाठी शक्य तितके घरी पाठवा. राज्य युद्धविरोधकांच्या हाती जाण्याचा धोका त्याला पत्करायचा नव्हता. त्याच पत्रात असंही आहे की राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी त्यांनी थांबायची गरज नाही, लगेच परतावं.