मदत हवी आहे: मोटारसायकल गरम झाली की प्लगचा करंट जातो

घाटवाट
दोन मेकॅनिक झाले, कुणाला सापडेना. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. निपाणीतून निघून तवंदी घाट चढायला लागलो की फटफट करते आणि बंद. प्लग काढून हेडला टेकवून किक मारली तर करंट नाही, आला तर पिवळा, बारीक. अर्धा तास थांबलं की परत चालू. प्लग नवीन आहे. रविवारी संकेश्वरला लग्न आहे, लवकर सांगा.

खानापूर_गडी
गाडी कुठली ते सांगा की आधी!

घाटवाट
येझदी. वडिलांची.

टिळकवाडी_२५०
क्लासिक मॉडेल की रोडकिंग? पॉइंटची (उघडमीट होऊन प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क) की सीडीआय (पॉइंटशिवायची इलेक्ट्रॉनिक सिस्टीम)? बॅटरी ६ व्होल्टची की १२ करून घेतलीय?

शहापूर_पेठ
पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता? मी लिटरला ४० मिली घालतो. जास्त झालं की प्लग काळा पडतो आणि गाडी घाटात हमखास बसते.

घाटवाट
क्लासिक, पॉइंटची, ६ व्होल्ट. बॅटरी गेल्या महिन्यात घातलीय. आणि प्लग काळा नाही हो, करंटच येत नाही तर ऑइलचं काय घेऊन बसलाय?

आरएक्स_निपाणी
सीडीआय बसवून टाका. पॉइंट म्हणजे कायमची कटकट. माझ्या यामाहा आरएक्स १०० ला पॉइंटच नाहीत, त्यामुळे घासणं नाही, गॅप (पॉइंटमधली फट) बघणं नाही.

टिळकवाडी_२५०
दुखणं न शोधताच अख्खी सिस्टीम बदलायची? यामाहाला ते कंपनीतूनच आलंय. येझदीला बसवायचं तर मॅग्नेटपासून सगळं जुळवावं लागतं, रविवारपर्यंत होणार आहे का ते?

घाटवाट, गाडी गार असताना तपासून काही कळणार नाही. घाटात बंद पडली की तिथंच बघा. इंजिनच्या उजव्या बाजूचं झाकण काढा, चावी चालू ठेवा, पॉइंट मिटलेले असताना प्लास्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं उघडा. पॉइंटवर जाड, निळसर ठिणगी उडाली तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) गेलाय. पॉइंटवर काहीच नाही तर तिथपर्यंत करंट येत नाही, चावीचा स्विच आणि वायर बघा. पॉइंटवर बारीक ठिणगी, पण प्लगला काही नाही, तर कॉइलवर (प्लगला जोराचा करंट देते ती) संशय घ्या. गॅप पॉइंट पूर्ण उघडे असताना ०.४ मिमी, फीलर गेजनंच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). प्लग टेकवून बघताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवा.

खानापूर_गडी
माझ्याकडे हेच झालं होतं, कॉइल निघाली. गरम झाली की आतलं वाइंडिंग सुटायचं. सरळ कॉइल बदला.

टिळकवाडी_२५०
असेल, पण कॉइल महाग, कंडेन्सर स्वस्त. आधी स्वस्तातलं बघू द्या त्यांना.

चिकोडी_चौक
गाडीचं आरसी रिन्यू आहे का? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावं लागतं. हायवेवर अडवलं तर पंचाईत. मी मागे एजंटकडून करून घेतलं, फुकट पैसे गेले, स्वतः जा.

घाटवाट
आरसी आहे हो. कंडेन्सर कुठं मिळेल? इथल्या दुकानात "येझदीचं काही येत नाही आता" म्हणतात.

शहापूर_पेठ
कारखाना मैसूरला, आपल्याच राज्यात, तरी पार्टसाठी ही वणवण. १९९६ ला बंद पडला तो. कोल्हापूरला जा.

खानापूर_गडी
कोल्हापूर कशाला? बेळगावात जुने पार्टवाले आहेत की.

टिळकवाडी_२५०
येझदीचाच पाहिजे असं नाही. पॉइंटवाल्या जुन्या मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरचा चालतो, ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा. जुन्याची वायर सोडवून ठेवा आणि हा बाहेरून जोडून बघा.

घाटवाट
केलं. घाटातच बंद पडल्यावर झाकण काढलं, पॉइंटवर अशी निळी ठिणगी की दिवसासुद्धा दिसत होती. पॉइंटवर खड्डाही पडलाय. मोटारीचा कंडेन्सर टेपनं फ्रेमला बांधून परत घाट चढवला, एकदाही अडखळली नाही. आता कायमचा कुठं बसवू? आत जागा नाही.

आरएक्स_निपाणी
पॉइंट परत जळणारच. सीडीआयचं मनावर घ्या.

टिळकवाडी_२५०
आत घालूच नका, तिथल्या उष्णतेनंच पहिला गेलाय. इंजिनपासून लांब, कॉइलजवळ स्क्रूनं आवळा. पट्टी जिथं टेकते तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा, नाहीतर अर्थिंग मिळणार नाही. वायर पॉइंटच्या टर्मिनलवर. आणि खड्डा पडलेले पॉइंट घासत बसू नका, नवीन घाला, मग गॅप आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) परत लावून घ्या.