नाशिकचा कांदा बांगलादेशला: धूर गाडीचा मोजायचा की सडलेल्या गोणीचा?

सावली_नाशिक:
मंडळी, मागच्या महिन्यात कामानिमित्त पश्चिम बंगालमधल्या बोनगावला जाणं झालं. बांगलादेशच्या पेट्रापोल बॉर्डरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग, संपतच नाही, आणि मधूनमधून आपल्या एमएच 15 नि एमएच 41 च्या पाट्या. एका गाडीखाली सावलीत स्टोव्ह पेटलेला, वर कुकर, ड्रायव्हर म्हणाला ताई चौथा दिवस आहे. ताडपत्री एका बाजूनं वर बांधलेली, कांद्याला वारा लागावा म्हणून, तरी वास यायला लागला होता. आपल्याकडे मालवाहतुकीचं कार्बन म्हटलं की सगळे इलेक्ट्रिक ट्रकवर घसरतात. अहो, वर्ल्ड बँकेच्या 2021 च्या रिपोर्टमध्ये होतं की पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला 138 तास जातात, त्यातले 28 तर नुसते माल या गाडीतून त्या गाडीत टाकण्यात, कारण आपली गाडी बेनापोलच्या, म्हणजे पलीकडच्या बांगलादेशी ठाण्याच्या, पुढे जाऊच शकत नाही. पूर्व आफ्रिकेत एवढ्याच गर्दीच्या बॉर्डरवर 6 तासही लागत नाहीत म्हणे. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश यांचा गाड्या थेट जाऊ देण्याचा करार 2015 ला थिंफूत झाला, पण गाड्या अजून थेट जात नाहीत, बघताच आहात. माझं मत: बॉर्डरची रांग काढा, सगळ्यात जास्त कार्बन तिथेच वाचेल, नवीन गाडी घ्यायची गरज नाही.

बारा_चाकी:
ताई राग मानू नका पण तुमचं गणित बसत नाही. माझ्या 3 गाड्या आहेत, पिंपळगावहून भरतात. रांगेत कोण इंजिन चालू ठेवतं? डिझेल मोजून मिळतं ड्रायव्हरला, गाडी सरकायची असेल तेव्हाच स्टार्टर मारतो. दिवसाला दोन तास धरले, तासाला अडीच लिटर, 5 दिवसांचे झाले 25 लिटर. आणि इथून पेट्रापोल 1900 किलोमीटरच्या आसपास, भरलेली गाडी पावणेचार-चारचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे 500 लिटर डिझेल एका बाजूचं. लिटरमागे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, तुम्हीच करा गुणाकार. 1350 किलो रस्त्यावर आणि 67 किलो रांगेत. रांग आम्हाला खाते, पैशानं खाते, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, चुकलेली ट्रिप, सगळं खरं, पण कार्बनच्या नावानं तिला झोडू नका.

आणि बीएस 6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी, घेतली म्हणून पर्यावरण वाचलं असं समजणारेही आहेत इथे. फिल्टरनं काळा धूर कमी होतो, युरियाच्या टाकीनं नॉक्स (नायट्रोजनचे विषारी वायू) कमी होतो, डिझेल तेवढंच जळतं.

सावली_नाशिक:
बरं, रांगेतल्या डिझेलचं मान्य, मी चुकले. पण दादा, 25 टन कांदा निघाला आणि बेनापोलला फोडल्यावर त्यातला अडीच टन फेकून दिला तर? त्या अडीच टनासाठीही 1900 किलोमीटर डिझेल जळलंच ना? दहावा हिस्सा गेला तर 135 किलो हवेत गेले ते कोणाच्याच ताटात न पडता. म्हणजे तुमच्या रांगेच्या डिझेलच्या दुप्पट, शेतात घातलेलं खत-पाणी वेगळंच. मोजायचंच तर पोचलेल्या किलोमागे मोजा, गाडीमागे नको.

बारा_चाकी:
हे मात्र पटलं. सप्टेंबर 2020 ला अचानक निर्यातबंदी झाली तेव्हा माझ्या दोन गाड्या बॉर्डरवर होत्या, पाऊस चालू, ताडपत्री बंद ठेवावी लागली, आतून कांदा घामेजला. परत फिरवून कलकत्त्याला विकला तेव्हा गोणी उचलली की खालून पाणी गळायचं. त्या ट्रिपचं कार्बन कोणाच्या खात्यावर लिहायचं, सरकारच्या की माझ्या?

गेदे_लोकल:
सगळं ट्रकाभोवतीच का फिरतंय? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पेट्रापोल बंद होतं तेव्हा नाशिक भागातून कांद्याचे अख्खे रेक, म्हणजे पूर्ण मालगाड्या, बंगालमधल्या गेदे बॉर्डर स्टेशनमार्गे बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनला गेलेत. एका रेकमध्ये दीड-दोन हजार टन, म्हणजे 60-80 ट्रक रस्त्यावरून गायब. रूळ दोन्हीकडे ब्रॉडगेज, त्यामुळे बॉर्डरवर माल उतरवायचा नाही, डबा तोच पुढे जातो. गेदेपर्यंत विजेवर, पुढे त्यांच्याकडे विद्युतीकरण नाही म्हणून डिझेल इंजिन लागतं, एवढंच. उत्तर समोर आहे आणि आपण स्टार्टरचे तास मोजतोय.

खळेवाला:
रेकचं उत्तर तुम्हाला सोपं वाटतं कारण रेक तुम्हाला भरायचा नाहीये. मी छोटा व्यापारी, माझा माल दोन गाड्यांचा. दीड हजार टन एकाच दिवशी, एकाच प्रतीचा, एकाच भावात गोळा करायचा म्हणजे 20-25 व्यापाऱ्यांचं एकमत, आणि लासलगावात दोन व्यापाऱ्यांचं चहाच्या कपावर एकमत होत नाही. खळ्यावरून स्टेशनला गाडी, तिथे हमाली, तिकडे उतरवून परत ट्रक, गोणी चार वेळा आपटते. वाघीण (मालगाडीचा डबा) बंद असते, कांदा तापतो, मोड येतात. आणि विजेवर म्हणता, ती वीज कुठून येते, बहुतेक कोळशातून. लॉकडाऊनमध्ये रेक गेले कारण दुसरा रस्ताच नव्हता.

गेदे_लोकल:
कोळशाची वीज धरली तरी टनामागे रेल्वे ट्रकपेक्षा खूपच कमी खाते हो, लोखंडी चाक लोखंडी रुळावर, रबर नाही. बाकी तुमचं खरं आहे. अर्धा रेक घ्यायची सोय असती, हवेशीर डबे असते तर आज हा वाद झाला नसता.

म्युनिकचा_जोशी:
इकडचं सांगतो. जर्मनीनं डिसेंबर 2023 पासून ट्रकच्या टोलमध्ये टनामागे 200 युरो कार्बनचे घातले. मोठ्या युरो 6 गाडीचा टोल किलोमीटरला 19 सेंटवरून 34.8 वर गेला, जवळपास दुप्पट. गाडी पोलंडची असो की रोमानियाची, जर्मन हायवेवर आली की भरायचं. पहिले सगळे बोंबलले, आता ट्रान्सपोर्टवाले रिकामी फेरी टाळायला जिवाचं रान करतात. शेजारी स्वित्झर्लंडनं 2001 पासून वजन गुणिले किलोमीटर असा कर लावला, त्या पैशातून गॉटहार्डचा 57 किलोमीटरचा बोगदा 2016 ला उघडला, आणि आज त्यांच्या आल्प्समधून जाणाऱ्या मालापैकी साधारण 70 टक्के रेल्वेनं जातो. किंमत लावल्याशिवाय काही हलत नाही, कांदा असो की कार.

खळेवाला:
साहेब, तुमचे 200 युरो आपल्या गाडीला लावून बघू. 1.35 टन गुणिले 200, म्हणजे 270 युरो, पंचवीस हजार रुपये धरा. गाडीत माल 25 हजार किलो. किलोला एक रुपया झाला बरोबर. आता हा रुपया कोण देणार? ढाक्याचा व्यापारी देणार नाही, तो पाकिस्तान किंवा चीनचा कांदा घेईल. मी देणार नाही, माझं मार्जिन तेवढंच आहे. लिलावात 9 ऐवजी 8 पुकारला जाईल, ट्रॅक्टरवर बसलेला माणूस देईल. बोगदा बांधायचा तर बांधा, पण त्याच्या खिशातून नको.

म्युनिकचा_जोशी:
हिशोब बरोबर आहे, मला खोडता येत नाही. पण इकडे तो पैसा निदान रेल्वेत गेला. आपल्याकडे एक रुपया घेऊन तो हवेशीर डब्यात घातला आणि सडणं 10 वरून 4 टक्क्यांवर आलं तर शेतकऱ्याला परत मिळतो की नाही?

बारा_चाकी:
"घातला तर".

वरुडचा_संत्रा:
तुमचं बरं आहे, निदान कांदा जातोय तरी. आमच्या वरुड-मोर्शीचा संत्रा गाड्याच्या गाड्या बांगलादेशला जायचा, तिकडच्या सरकारनं ड्युटी वर्षागणिक वाढवत नेली, गाड्या कमी झाल्या. घ्या, कार्बन कमी झाला, कोणी सत्कार करत नाही आमचा 😄 मुद्दा असा की या बॉर्डरवर गाड्या किती चालणार हे पर्यावरण मंत्रालय नाही, ड्युटी आणि निर्यातबंदी ठरवते. दर सहा महिन्यांनी नियम बदलणार असेल तर रेक कोण बुक करणार आणि नवीन गाडी कोण घेणार?

सावली_नाशिक:
हे मी धाग्यात घालायला हवं होतं. खळेवाले काका, एक विचारते, 20 व्यापारी सोडा, तुम्ही 5 जण मिळून दोन-चार वाघिणी भरल्या आणि त्या दुसऱ्या रेकला जोडल्या तर चालेल का? रेल्वे देईल की नाही ते नंतर बघू, तुमच्या बाजूनं अडचण काय?

खळेवाला:
माझ्या बाजूनं? पाच जण मिळतील. उन्हाळ कांद्याच्या टायमाला मिळतील, लाल कांद्याच्या नाही, तो टिकत नाही, त्याला ट्रकच. पण ताई, खेरवाडी स्टेशनला वाघीण लागली की ठराविक तासांत भरून द्यावी लागते, वर गेलं की दंड. एप्रिलच्या उन्हात शंभर टन गोणी भरायला हमाल आधी लिलावाचं काम सोडून येतील का हे बारा_चाकी भाऊंना विचारा, त्यांच्या गाड्यांची वाराई (माल चढवायची मजुरी) तीच टोळी घेते.

बारा_चाकी:
रात्री येतील. दीडपट घेतील.