एप्रिल-मेमधल्या रविवारच्या सायकल राईड बंद कराव्यात का?

गिअरतुटका (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आम्ही नऊ जण सिंहगडला गेलो होतो. राजाराम पुलावर साडेपाचला जमायचं ठरलेलं, निघालो सहाला. (एकाच्या चाकात हवा नव्हती, दुसऱ्याला बायकोनं उठवलं नाही. म्हणजे असं त्याचं म्हणणं.) खडकवासल्याला धरणाजवळ फोटो, डोणज्याला चहा. गोळेवाडीच्या नाक्यावरून घाटाला लागलो तेव्हा साडेसात वाजले होते. शेवटचा गडी पावणेनऊला वर पोचला. मग पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, परत दही. उतरून परतीच्या रस्त्याला लागेपर्यंत दहा वाजून गेले.

नांदेड फाट्याच्या अलीकडे आमच्यातला एक जण सायकल नागमोडी चालवायला लागला. वय ४६, ग्रुपमधला सगळ्यात नियमित. हाक मारून थांबवला तर म्हणाला, "आपण वर कधी जायचं?" आधी वाटलं गंमत करतोय. मग त्यानं तेच आणखी दोनदा विचारलं. हात लावला तर अंग तव्यासारखं. नशिबानं समोरच रसवंती होती. त्या भल्या माणसानं बर्फाची लादी फोडून दिली, बादल्या भरून दिल्या, पैसे घेतले नाहीत. बर्फ मानेला, काखेत, जांघेत लावला, अंगावर पाणी ओतत राहिलो आणि १०८ला फोन केला. दोन दिवस दवाखान्यात होता. आता बरा आहे.

माझं मत आता स्पष्ट झालंय. १५ एप्रिलपासून पहिला दणदणीत पाऊस पडेपर्यंत ग्रुपच्या राईड बंद. यावरून ग्रुपवर चार दिवस भांडण चाललंय, म्हणून इथे विचारतो.

भल्यापहाटे

मित्र बरा झाला हे वाचून बरं वाटलं. पण रागावणार नसाल तर विचारतो, या हकिगतीत उन्हाचा दोष कुठे आहे? सहाला निघालात, दोन ठिकाणी रेंगाळलात, वर तासभर दही चापलंत. ऊन त्याच्या वेळेवरच आलं होतं, तुम्हीच उशिरा होतात.

मी मे महिन्यातही सिंहगड करतो. सव्वाचारला घर सोडतो, साडेपाचला नाका, पावणेसातला वर. पाणी भरायचं, दहा मिनिटं पाय मोकळे करायचे आणि खाली. साडेआठला घरी, पोहे घरचे. चोवीस तासांतली सगळ्यात थंड वेळ सूर्य उगवायच्या आसपासची असते, ती घाटात वापरायची की झोपेत, एवढाच प्रश्न आहे. आणि या दिवसांत घाट जो दिसतो तो पावसाळ्यातल्या गर्दीला कधी दिसतच नाही. पिवळाधमक बहावा, वाटेच्या कडेला पिकत आलेली करवंदं. बंदी घालायचीच असेल तर पिठल्यावर घाला.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, पुण्याच्या ३६ ले तुम्ही ऊन म्हणता? मी अकोल्याचा. आमच्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ वर जाते, तरी आमचा पाच जणांचा कट्टा रोज सकाळी निघते. सातच्या आत घरात. डोक्याले दुपट्टा, खिशात कांदा. संध्याकाळी मात्र कोणीच काढत नाही सायकल, कारण डांबर रात्री नऊपर्यंत वाफ सोडते. उन्हाले घाबरायचं नाही, त्याच्याशी ओळख ठेवायची. दोन महिने घरात बसाल तर ओळख होईल कशी?

कोकमआगळ

३६ आणि ४५ चं भांडण तुमचं तुम्हाला लखलाभ. मी पनवेलला राहतो. इथे आकडा ३३-३४ दाखवतो आणि माणूस उकडून निघतो. अंगावरून घाम निथळला म्हणजे शरीर थंड झालं असं नाही, तो उडून गेला तरच थंडावा. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून टायरवर पडला तर काहीच नेत नाही. आमच्या हवेत तो निथळतोच. अकोल्याच्या कोरड्या झळांत बनियन दहा मिनिटांत वाळतो, आमचा दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात ४० आणि किनारपट्टीला ३७ धरतं, ते उगाच नाही.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात काय झालं ते आम्ही जवळून पाहिलंय. पुरस्काराचा सोहळा, डोक्यावर छप्पर नाही, १४ जण गेले. ती माणसं नुसती बसली होती हो, आपण तर पेडल मारत असतो. धागाकर्त्यांना माझा पाठिंबा.

डॉ_ताकपिठे

दोन्ही बाजू अर्धं अर्धं बरोबर बोलताहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

पेडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात त्यातली २० ते २५ टक्केच चाकापर्यंत पोचते. बाकीची उष्णता. समजा घाटात तुम्ही २०० वॉट लावताय, तर साधारण ७०० वॉट अंगातच तयार होताहेत. घरातली कपड्यांची इस्त्री पोटात चालू आहे असं धरा. सपाटीवर वारा लागतो म्हणून ती कळत नाही. घाटात वेग सात-आठ, वारा नाही, मागून ऊन, खालून डांबर. त्यात हवा कातडीपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, तापली की वारासुद्धा उष्णता नेण्याऐवजी आणून टाकतो. मग भिस्त उरते ती एकट्या घामावर.

अकोल्याच्या मित्रांनी 'ओळख' हा शब्द नेमका वापरलाय. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. पण ते रोज जातात! पुण्याचा वीकएंडवाला पाच दिवस एसीत बसतो आणि रविवारी एकदम घाटात उगवतो. त्याचा दर रविवार पहिलाच. त्यामुळे 'उन्हात गेल्यानं सवय होते' हा युक्तिवाद नेमका ज्यांच्यासाठी केला जातोय त्यांनाच लागू पडत नाही.

कांद्याबद्दल: खिशात असू द्या, भाकरीबरोबर उपयोगी पडतो.

गिअरतुटका, तुमचे मित्र बीपीची गोळी घेतात का? आणि तुम्ही आधी थंड करून मग हलवलंत हे अगदी योग्य केलंत. माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो उष्माघात धरायचा. त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, अंगावर ओतायचं.

गिअरतुटका

हो डॉक्टर, घेतात. लघवी जास्त होणारी गोळी आहे असं दवाखान्यात कळलं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पाणी मात्र तो भरपूर पीत होता, दोन बाटल्या संपवल्या होत्या.

डॉ_ताकपिठे

साधं पाणी ना? तिथेच गोची आहे. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणी ढोसलं तर उरलेलं मीठही पातळ होतं. तासाभरापुढच्या राईडला ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्ये, किंवा घरी: एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ज्यांना बीपी आहे त्यांनी मिठाचं आणि गोळीच्या वेळेचं आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही घाम कमी येतो.

काळी_अ‍ॅटलास

वाचून हसू आलं. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत ताशी भाड्यानं सायकल आणायचो आणि भर दुपारी दोनला पर्वतीच्या पायथ्याशी हाफ पेडल मारत शिकायचो. दुपारी का, तर तेव्हा घरातले झोपलेले असायचे आणि दुकानदार तासाचे सव्वा तास धरू द्यायचा. ना ओआरएस, ना वॉट. तहान लागली की कोणाच्याही दारात पाणी. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा उन्हाळा नव्हता काय? गिरणीतला माणूस दुपारच्या पाळीला सायकलवरच जायचा.

कोकमआगळ

काका, तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे होतात आणि पर्वतीच्या पायथ्याला झाडं होती.

घंटी

@भल्यापहाटे, तुमचं वेळापत्रक वाचायला छान आहे. सव्वाचारला घर सोडायचं. मी बाई आहे आणि धायरीच्या पुढे राहते. चार वाजता रस्त्यावर कोण असतं सांगू? कुत्री असतात, आणि शनिवारची रात्र पानशेत रस्त्याच्या फार्महाऊसवर साजरी करून परतणाऱ्या गाड्या असतात. मागच्या वर्षी एक गाडी हॉर्न वाजवत माझ्या मागे दोन किलोमीटर आली. उन्हापासून वाचायला मी त्या काळोखात जाऊ?

आणि 'पहाटे उठा' हे सांगणारा नेहमी तोच असतो ज्याला साडेआठला घरचे पोहे तयार मिळतात. ते पोहे कोण करतं?

भल्यापहाटे

पोह्यांचं मान्य, वार मर्मी लागला. काळोखाचं अर्धं मान्य. चार-पाच जण एकत्र, मागे पुढे दिवे, अंगावर चमकणारं जॅकेट असेल तर...

घंटी

कुत्र्याला जॅकेट दाखवू?

माझं म्हणणं इतकंच आहे की उन्हाळ्यात घाटच कशाला हवा? सहाला निघून खडकवासल्यापर्यंत जा, परत या, आठला घरी. तीस किलोमीटर होतात. पण ते कोणाला सांगता येत नाही ना! अ‍ॅपवर चढाईचे मीटर दिसायला हवेत. जूनमध्ये हाच सिंहगड तिथेच असणार आहे.

पंक्चरप्रसाद

इतके प्रतिसाद झाले, पण उन्हात ट्यूब फुटतात हे कोणीच लिहिलं नाही. म्हणून मी उन्हाळ्यात हवा निम्मी ठेवतो.

भल्यापहाटे

नका हो ठेवू. २५ अंशांना १०० पीएसआय भरलेली हवा ५० अंशांना तापली तर ११० च्या जवळ जाते, इतकंच. चांगला टायर तेवढं सोसतो. निम्म्या हवेनं मात्र खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि मग तुम्हाला वाटतं ऊन चावलं. जुनं ठिगळ असेल तर ते उन्हानं सुटतं, हे खरं. आणि घाट उतरताना सतत ब्रेक दाबून रिम तापवाल तर तो दोष सूर्याचा नाही.

वाळूतला_पुणेकर

दुबईत दहा वर्षं झाली. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. सायकलवाल्यांना असा कायदा नाही, पण आम्ही आपणहून रात्रीचे प्राणी झालोय. नाद अल शिबाच्या ट्रॅकवर दिवे असतात, गाड्या नाहीत, बायका-मुलं दहा वाजताही चालवतात. घंटीताईंचा प्रश्न उन्हाचा नाहीच, सुरक्षित रस्त्याचा आहे. तो तसा असता तर हा धागा निघाला नसता.

सावलीशोधक

मला या सगळ्या चर्चेचं नवल वाटतं. आमच्या सोसायटीचा वॉचमन रात्रपाळी संपवून सकाळी नऊला बारा किलोमीटर सायकल मारत घरी जातो. गिअर नाही, हेल्मेट नाही, त्याच उन्हात, आठवड्याचे सहा दिवस. त्याची राईड कोण बंद करणार? आपण लाखाची सायकल घेऊन ऊन लागलं म्हणून मतदान घेतो.

गिअरतुटका

तुमचा वॉचमन जातो कारण त्याला दुसरा इलाज नाही. आम्हाला आहे. ज्याला न जाण्याची मुभा आहे त्यानं ती वापरली तर त्यात वॉचमनचा अपमान कसा होतो? उलट त्याला खाली थंड पाणी आणि जाताना ओआरएसचं पाकीट द्या, मीही माझ्या इमारतीत आजपासून देतो.

काळी_अ‍ॅटलास

हे बरोबर बोललात. गिरणीतला माणूस हौसेनं जात नव्हता, हे मीही विसरलो होतो.

गिअरतुटका

काल ग्रुपवर मतदान झालं. बंदीच्या बाजूनं चार, विरुद्ध पाच. हरलो. गंमत म्हणजे पाचवं मत त्याचं, ज्याला आम्ही बर्फ लावला होता! म्हणतो, "चूक माझ्या गोळीची होती, महिन्याची नाही." डॉक्टरांनी महिनाभर नाही म्हटलंय म्हणून तो येणार नाही, पण इतरांनी जावं असा त्याचा आग्रह.

ठरलंय ते असं. साडेपाचला जो पुलावर आहे त्याला घेऊन निघायचं, कोणासाठी थांबायचं नाही. साडेसातला जिथे असू तिथून मागे वळायचं, गड दोन वळणांवर राहिला असला तरी. प्रत्येकानं कुठली गोळी घेतो ते शेजारच्याला सांगायचं. पिठलं जूनपर्यंत बंद, यावर मात्र एकमत झालं नाही, दोघे जण स्वतंत्र गाडीनं जाऊन खाणार आहेत.

मी या रविवारी जाणार नाही. मतदान हरलो म्हणून मत बदललेलं नाही. आणि सकाळी आठच्या आत ती रसवंती उघडत नाही, हे त्या पाच जणांना सांगून झालंय.

घंटी

त्यांना थर्मासमध्ये बर्फ न्यायला सांगा. आणि तुम्हाला घरात बसवणार नसेल तर सहाला धायरी फाट्यावर या, खडकवासल्यापर्यंतच जाणार आहे. घाट नाही, दही नाही.

गिअरतुटका

सहाला म्हणजे सहालाच ना?